डॅनियल बून, जिम ब्रिजर, ह्यू ग्लास : कुमार कादंबरीसाठी बंदुका, सापळे आणि कातड्यांचा हिशेब हवा आहे

खाडीकाठ (देवगड)

मंडळी, १२ ते १५ वयाच्या मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ साधारण १७६९ ते १८४०. जागा अमेरिकेची त्या वेळची पश्चिम सरहद्द, म्हणजे पहिल्या भागात केंटकी आणि दुसऱ्या भागात रॉकी पर्वत. मुख्य पात्रं काल्पनिक आहेत, पण त्यांची गाठ बून, ब्रिजर, ग्लास अशा खऱ्या शिकाऱ्यांशी पडते.

या लोकांवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच वळणाचं. अस्वल आलं, बार काढला, अस्वल पडलं. आमच्याकडच्या मुलांना हे चालायचं नाही. राखणीची ठासणी (तोंडाकडून ठासून भरायची बंदूक) त्यांनी पाहिलेली असते. एक बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत पोचलेलं असतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून तपशील पक्के हवेत :

१) बूनची बंदूक आणि आपली ठासणी यांत फरक काय? भरायची कशी, वेळ किती लागायचा? माझा एक महत्त्वाचा प्रसंग भर पावसात आहे, तिथे काय होईल?
२) बीव्हर (ओढ्यात राहणारा, कातड्यासाठी पकडला जाणारा केसाळ प्राणी) नेमके कसे पकडत? सापळा कुठे, किती खोल, आमिष कसलं?
३) या सगळ्यात पैसे कोणाला आणि किती मिळत?
४) कोणत्या प्रसिद्ध गोष्टी लिहू नयेत? शेपटीवाली रॅकूनची टोपी मुखपृष्ठावर हवीच असा चित्रकाराचा हट्ट आहे.

-----

रंजकदाणी (राजापूर)

पहिला प्रश्न घेतो.

दोन्ही बंदुका तोंडाकडून भरायच्या, साम्य इथेच संपतं. आपल्याकडची राखणीची ठासणी बहुतेक केपावर (ठोकल्यावर पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) उडते आणि तिची नळी आतून गुळगुळीत असते, छर्ऱ्यांसाठी. १७६९ साली केप अस्तित्वातच नव्हते. बूनच्या हातात चकमकीची रायफल होती. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या हातोडीच्या, जबड्यात गारगोटी, समोर पोलादी झडप, झडपेखाली रंजकाची (पेटवणीच्या बारीक दारूची) छोटी वाटी. घोडा पडला की गारगोटी झडपेवर घासून ठिणग्या उडतात, झडप उघडते, वाटीतली रंजक पेटते आणि ती आग नळीच्या कानातून (बाजूच्या बारीक भोकातून) आतल्या दारूपर्यंत जाते. या रायफली पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, मुख्यतः जर्मन वंशाचे कारागीर बनवत. नळी ४० ते ४६ इंच, भोक अर्ध्या इंचाच्या आतबाहेर, नळीत आतून पिळाचे आटे, दस्ता मेपलच्या लाकडाचा. दस्त्यात झाकणाची एक पेटी, तीत चिंध्या किंवा चरबी.

भरण्याचा क्रम असा लिहा. आधी नळी रिकामी आहे ना ते गज (ठासायची काठी) टाकून बघायचं. दारू शिंगातून थेट नळीत कधीही ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली तर मापातली दारू भडकेल, हात भाजेल. शिंगच नळीवर धरलं असेल तर शिंग फुटेल. ०.४५ इंची नळीला ६० ग्रेन, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम दारू. माप हरवलं तर जुना ठोकताळा होता : गोळी तळहातावर ठेवायची आणि ती जेमतेम झाकेपर्यंत दारू ओतायची.

मग नळीच्या तोंडावर चरबी लावलेली तागाची चिंधी, तीवर गोळी. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते, ०.४५ च्या नळीला ०.४४ ची. गोळी आणि आटे यांच्यात चिंधी घट्ट बसते आणि गोळीला पीळ देते. आट्यांचा फायदा तिच्यामुळेच मिळतो. गोळी अंगठ्याने आत दाबली की चिंधीचा वर राहिलेला भाग सुरीने कापायचा आणि गजाने गोळी दारूवर नीट टेकेपर्यंत सारायची. गजावर खूण केलेली असते, ती खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी बसली. सगळ्यात शेवटी घोडा अर्धा ओढून वाटीत रंजक, झडप बंद, मग पूर्ण घोडा.

सरावाच्या माणसाला याला अर्धं ते एक मिनिट लागतं. सैन्यातली गुळगुळीत नळीची मस्केट मिनिटाला ३ बार काढी, पण १०० यार्डांपलीकडे तिचा भरवसा नव्हता. चांगला नेमबाज रायफलीने २०० यार्डांवर माणसाएवढं लक्ष्य टिपू शके. तरी हरणावर लांबून बार टाकू नका. दारू आणि शिसं दोन्ही महाग आणि दोन्ही शेकडो मैल पाठीवर किंवा घोड्यावर आणलेली. ०.४४ च्या गोळीचं वजन सुमारे ८.३ ग्रॅम, एक पौंड शिशात ५४ गोळ्या. मेलेल्या जनावरातून गोळी काढून ती पुन्हा साच्यात ओतणं ही रोजची गोष्ट होती.

काय बिघडतं? गोळी दारूवर न टेकता मध्येच अडकली आणि तसाच बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. घाबरलेल्या नवख्या पोराकडून हे होऊ शकतं, तुमच्या कामाला येईल. रंजक जास्त भरून कानात दाबली तर ती वातीसारखी हळूहळू जळते, चाप ओढल्यावर बार क्षणभर उशिरा होतो आणि तेवढ्यात नेम हलतो. कान काजळीने बुजला तर वाटीत नुसता भडका उडतो आणि आतली दारू तशीच. त्यासाठी पिशवीच्या पट्ट्याला बारीक तार बांधलेली असे, तिने कान टोकरायचा. गारगोटीची धार काही डझन बारांत बोथट होते, मग ती टिचून नवी धार काढायची. चार-पाच बारांनंतर नळीत काजळी साचून गोळी सरकेनाशी होते, तेव्हा थुंकी लावलेली चिंधी आतून फिरवायची.

आता पाऊस. काळी दारू ओल धरते, आणि बारानंतर उरणारी काजळी तर हवेतलं पाणी ओढून चिकट चिखल होते. आपल्याकडे जूनमध्ये बार काढून नळी तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी तांबेरा दिसतो. केंटकीतही उपाय तोच होता : कढत पाणी. काजळी पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. पाण्याने धुवायची, कोरडी करायची, मग चरबी. अस्वलाची चरबी त्यांची आवडती.

चालताना नळीच्या तोंडात लाकडी बूच किंवा चरबीची गुंडाळी. चापाच्या सगळ्या भागावर चरबी चोळलेल्या चामड्याचं आवरण बांधायचं आणि तो भाग काखेत धरायचा. वाटीच्या कडेला मेण आणि चरबी लावून फट बुजवायची. एवढं केलं तर पावसात पहिला बार बऱ्यापैकी खात्रीचा. दुसऱ्याची खात्री नाही, कारण भरताना दारू, चिंधी, वाटी, झडप सगळं उघडं पडतं. फक्त रंजक भिजली असेल तर वाटी आणि झडप पुसून, कान टोकरून नवी रंजक घातली की काम होतं. आतली दारू भिजली तर गजाला आट्यांचा काटा लावून गोळी बाहेर ओढावी लागते. किंवा कानातून थोडी बारीक कोरडी दारू आत सारून तेवढ्यावर गोळी उडवून टाकायची. झाडाखाली, बोटं गारठलेली असताना, यात पाव तास सहज जातो.

पावसाचा खरा प्रसंग हवा असेल तर सप्टेंबर १७७८ चा बून्सबरोचा, म्हणजे केंटकीतल्या बूनच्या किल्ल्याचा, वेढा घ्या. शॉनी या मूलनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी केंटकी नदीच्या काठातून किल्ल्याच्या दिशेने भुयार खणायला घेतलं. नदीचं पाणी गढूळ दिसलं तेव्हा आतल्यांना संशय आला. पुढे जोराचा पाऊस झाला, भुयार खचलं, आणि छपरांवर टाकलेले पेटते पलिते विझले. तिथे पावसाने किल्ला वाचवला.

-----

मिठागर (शिरोडा)

रंजकदाणींचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. बूनच्या बाबतीत वेढ्याच्या आधीचा भाग जोडतो, कारण तो मिठाशी निगडित आहे आणि कादंबऱ्यांमधून नेहमी गाळला जातो.

मिठाशिवाय ही सगळी शिकार कुजते. मांस टिकवायला मीठ, जनावरांना मीठ. आपल्याकडे भरतीचं पाणी कोंड्यात घेतलं आणि ऊन लागलं की मिठागर पिकतं. केंटकी समुद्रापासून शेकडो मैल आत. तिथे खारट झरे होते आणि त्यांचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच कमी खारट. मोठ्या कढयांमध्ये रात्रंदिवस आटवायचं. शेकडो गॅलन पाणी आणि जळणाचे ढीग, तेव्हा कुठे बुशेलभर (एक मोठं माप) मीठ हाती येई.

जानेवारी १७७८ मध्ये बून सुमारे ३० माणसं घेऊन ब्लू लिक्सच्या झऱ्यावर याच कामाला गेला होता. तो स्वतः मिठासाठी नव्हे, त्या माणसांच्या पोटासाठी शिकार करत हिंडत होता. फेब्रुवारीत शॉनींनी त्याला एकट्याला गाठलं. त्यांचा मोर्चा बून्सबरोवर होता आणि किल्ल्याची तटबंदी अजून अपुरी होती. बूनने आपल्याच माणसांना शरण यायला लावलं, म्हणजे किल्ल्याला वेळ मिळेल. शॉनी प्रमुख ब्लॅकफिशने त्याला दत्तक घेतलं. जूनमध्ये तो निसटला आणि सुमारे १६० मैल चार-पाच दिवसांत कापून किल्ल्यावर आला. नंतर याच शरणागतीबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालला. तो निर्दोष सुटला, वर बढतीही मिळाली, पण ज्यांची माणसं कैदेत राहिली त्या घरांचा राग गेला नाही. शौर्यकथेपेक्षा मुलांना हे जास्त विचार करायला लावेल.

टोपीचं उत्तर सोपं आहे. बून रुंद काठाची फेल्टची हॅट घाली. शेपटीवाली टोपी त्याला चिकटली ती नंतरच्या रंगभूमीमुळे आणि १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या टीव्हीमुळे. चित्रकाराला नाही म्हणा.

-----

पाणमांजर (सावंतवाडी)

प्रश्न २. आधी एक गैरसमज काढतो. बीव्हर मासे खात नाही. आपल्या खाडीतल्या पाणमांजराशी त्याची गल्लत करून त्याच्यासाठी मासळीचं आमिष लावलेलं लिहिलं जातं, ते साफ चूक. तो झाडांची साल आणि कोवळ्या फांद्या खातो, जास्त करून पॉपलर आणि विलो. आमिष म्हणून खाणं चालतंच असं नाही, वास चालतो. बीव्हरच्या शेपटीजवळच्या ग्रंथींमधून एक उग्र वासाचा पिवळसर पदार्थ मिळतो, त्याने तो आपली हद्द आखतो. शिकारी तो शिंगाच्या किंवा लाकडाच्या छोट्या कुपीत घेऊन फिरत. परक्या बीव्हरचा वास आला की त्या जागेचा मालक चौकशीला येणारच.

सापळा लोखंडी, दोन स्प्रिंगांचा, सुमारे ५ पौंडांचा, त्याला ५ फुटांच्या आसपास साखळी. एका माणसाकडे असे पाच-सहा सापळे. लावायची वेळ संध्याकाळ, बघायची वेळ पहाट.

शिकारी काठावरून येत नाही, पाण्यातूनच चालत येतो, म्हणजे माणसाचा वास जमिनीवर राहत नाही. बीव्हर जिथून काठावर चढतो ती घसरण शोधायची आणि तिच्या पायथ्याशी सापळा पाण्याखाली सुमारे ४ इंच ठेवायचा. फार वर ठेवला तर दिसतो. फार खोल ठेवला तर पोहणाऱ्या बीव्हरचा पाय त्यावर पडतच नाही. साखळी ताणून खोल पाण्याकडे न्यायची आणि तिथे तळात खुंटा ठोकायचा. हा खुंटा वाळक्या लाकडाचाच हवा. ओला ठोकला तर बीव्हर तो कुरतडून खाईल आणि सापळ्यासकट निघून जाईल. मग एक काटकी सोलून, टोक त्या वासात बुडवून, सापळ्याच्या बरोबर वर काठात खोचायची, टोक पाण्याच्या थोडं वर. बीव्हर वास घ्यायला वर येतो, पाय पट्टीवर पडतो, तो घाबरून सवयीने खोल पाण्यात बुडी मारतो, आणि साखळी व लोखंड त्याला वर येऊ देत नाही.

हे खोल पाणी का महत्त्वाचं, ते लक्षात घ्या. पाणी उथळ असलं तर तो बुडत नाही, पाय पिळून पिळून तोडतो आणि निघून जातो. सकाळी सापळ्यात नुसता पंजा. तुमच्या नवशिक्या पात्राकडून चूक करवायची असेल तर ही करवा.

हंगाम दोन : शरद ऋतूपासून पाणी गोठेपर्यंत, आणि वसंतात बर्फ फुटल्यापासून. उन्हाळ्यातलं कातडं विरळ केसांचं, त्याला भाव नाही. म्हणजे काम नेमकं बर्फाळ पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून करायचं. संधिवात हा या धंद्याचा ठरलेला आजार.

कातडं पोटाच्या रेषेवर हनुवटीपासून शेपटीपर्यंत चिरून काढतात. विलोच्या फांदीचं गोल कडं करायचं, त्यावर ते चहूकडून दोरीने ताणून बांधायचं, आतली चरबी आणि मांस खरवडायचं आणि वाळवायचं. चरबी राहिली तर कातडं सडतं किंवा किडतं. वाळलेलं एक कातडं सरासरी दीड पौंड. केसांची बाजू आत घडी घालून, साठेक कातड्यांचा दाबून गठ्ठा, वजन ९० ते १०० पौंड. घोड्यावर किंवा खेचरावर असे दोन.

आणि ही लोकर पांघरायला जात नव्हती. बीव्हरच्या आतल्या बारीक केसांना सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकून उत्तम फेल्ट होतं. लंडन-पॅरिसच्या हॅट तिथून. केस गुंतावेत म्हणून कारागीर पाऱ्याचं द्रावण लावत आणि त्या वाफेने त्यांचे हात थरथरू लागत. डोंगरातला संधिवात आणि शहरातला कंप, एकाच हॅटचे दोन रोग.

-----

खाडीकाठ (देवगड)

एवढं अपेक्षित नव्हतं. आभार. पावसाचा प्रसंग आता "पहिला बार गेला, दुसरा नाही" असाच लिहितो.

दोन उपप्रश्न. माझा नायक १४ वर्षांचा आहे, तो एकटा सापळे लावू शकेल का? आणि १८२३ च्या प्रकरणात मी त्याच्या गुरूला हॉकेन रायफल दिली आहे, चालेल?

-----

रंजकदाणी (राजापूर)

हॉकेन काढा. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंची जी रायफल प्रसिद्ध आहे, आखूड जाड नळी, ०.५० ते ०.५४ इंची भोक, केपावर उडणारी, ती डोंगरात खरी पसरली १८३० च्या दशकात. १८२३ मध्ये चकमकीचीच ठेवा. पुढच्या प्रकरणात, १८३५ च्या आसपास, गुरूने नवी हॉकेन घेतली असं दाखवता येईल. ०.५३ च्या गोळीचं वजन साडेचौदा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बूनच्या काळातल्या गोळीच्या पावणेदोन पट. कारण उघड आहे : पूर्वेला हरीण, पश्चिमेला ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) आणि बायसन (रानरेड्यासारखं जनावर). आणखी एक गोष्ट, केप संपले की ती बंदूक म्हणजे काठी. गारगोटी नदीकाठी सापडू शकते, केप सापडत नाही. म्हणून बरेच जण चकमक सोडायला नाखूश होते.

ग्रिझलीच्या प्रसंगात दोन शिकारी एकदम बार काढतील असं लिहू नका. एकाने काढायचा, दुसऱ्याने भरलेली बंदूक राखायची. एका गोळीत ग्रिझली सहसा पडत नाही, हे पश्चिमेचा शोध घ्यायला गेलेल्या लुईस आणि क्लार्कच्या १८०४ ते १८०६ च्या मोहिमेलाही लवकरच कळलं होतं.

-----

पाणमांजर (सावंतवाडी)

१४ वर्षांचा मुलगा एकटा, नाही. दोन स्प्रिंगा दाबून ५ पौंडांचा सापळा गार पाण्यात मांडणं आणि पहाटे ओला बीव्हर, जो २० किलोंचाही असू शकतो, ओढून आणणं हे कठीण. त्याला तळावर ठेवा. प्रत्येक टोळीत तळ सांभाळणारे असत : कातडी खरवडणं, ताणणं, वाळवणं, गठ्ठे बांधणं, स्वयंपाक, घोड्यांची राखण. घोडे चोरीला जाणं हीच सर्वांत मोठी भीती, म्हणून राखणीचं काम दुय्यम नव्हतं.

खऱ्या वयांचा आधार हवा असेल तर : ब्रिजर जन्मला १८०४ मध्ये आणि १८२२ मध्ये कातड्यांचा व्यापारी विल्यम अॅशली याच्या टोळीत गेला. किट कार्सन हा दुसरा प्रसिद्ध शिकारी १८०९ चा. मिसूरीत फ्रँकलिन गावी खोगीर बनवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता, १८२६ मध्ये पळाला, तेव्हा १६ वर्षांचा. मालकाने वर्तमानपत्रात त्याला परत आणणाऱ्यास १ सेंट बक्षीस जाहीर केलं. एवढ्यावरून मालकाच्या मनात काय होतं ते ओळखावं.

-----

जमाखर्च (चिपळूण)

प्रश्न ३ कोणी घेतला नाही, आणि माझ्या मते कादंबरीचा कणा तोच आहे. ही माणसं हौसेने रानात गेली नव्हती. कर्जात होती.

आधी केंटकी. बूनसारखे लांब पल्ल्याचे शिकारी सहा महिने ते दोन वर्षं बाहेर राहत. उन्हाळा आणि शरदात हरणं, कारण तेव्हा कातडं जाड आणि चांगलं. हिवाळ्यात बीव्हर आणि पाणमांजर. हरणाचं कातडं केस खरवडून, फळीच्या कडेवर घासून मऊ केलं की अर्धं कमावलेलं होई, वजन अडीच पौंडांच्या आसपास. एका घोड्यावर साधारण १०० कातडी, दोन बाजूंना ५०-५०. कातड्यामागे सुमारे एक डॉलर धरा. म्हणजे एक घोडा भरून आणला तर १०० डॉलर, आणि त्यातून दारू, शिसं, घोडे यांचं उधार फेडायचं. तोवर कातडी लांडगे-अस्वलांपासून उंच माचीवर ठेवायची आणि झाडांच्या सालींनी झाकायची. ओल लागली की माल संपला.

बूनचा १७६९ ते १७७१ चा हिशेब बघा. डिसेंबर १७६९ मध्ये शॉनींनी त्याची सगळी कातडी जप्त केली. पुन्हा जमवली. १७७१ च्या वसंतात परत येताना, कंबरलँड घाटाजवळ, पुन्हा सगळं गेलं. दोन वर्षांनी घरी आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी.

आता रॉकी पर्वत. फेब्रुवारी १८२२ मध्ये विल्यम अॅशलीने सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात १०० तरुण हवेत अशी जाहिरात दिली, मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जायला, एक ते तीन वर्षांसाठी. सुरुवातीला नदीकाठी ठाणी बांधायचा विचार होता. जून १८२३ मध्ये अरिकारा या मूलनिवासी जमातीने नदीवर त्याच्या माणसांवर हल्ला केला, नदीची वाट बंद झाली आणि धंद्याची पद्धतच बदलली. माणसं वर्षभर डोंगरातच ठेवायची आणि उन्हाळ्यात एकदा, ठरलेल्या जागी, सामानाचा तांडा पाठवायचा. पहिला मेळावा १८२५ मध्ये ग्रीन नदीच्या हेन्रीज फोर्क या उपनदीवर, शेवटचा १८४० मध्ये.

१८२६ च्या करारातले भाव देतो, यावरून सगळं समजतं. बीव्हर पौंडाला ३ डॉलर दराने घेतलं जाई. दारू (बंदुकीची) दीड डॉलर पौंड. शिसं १ डॉलर पौंड. कॉफी सव्वा डॉलर पौंड, साखर आणि पीठ १ डॉलर पौंड. घोंगडी ९ डॉलर. बीव्हरचा सापळा ९ डॉलर. रम साडेतेरा डॉलर गॅलन.

पाणमांजर म्हणतात तसं कातडं दीड पौंडाचं धरलं तर एका कातड्याचे साडेचार डॉलर. एक सापळा म्हणजे २ कातडी, एक गॅलन रम म्हणजे ३. सहा सापळ्यांचे ५४ डॉलर, म्हणजे १२ बीव्हर पकडून नुसती हत्यारं फिटली. कंपनीच्या पगारी माणसाला वर्षाला २०० डॉलरच्या आसपास मिळत आणि वरचं सामान त्याच भावाने खात्यावर मांडलं जाई. माल सेंट लुईसहून येई आणि तिथे त्याचा भाव याच्या अगदी थोड्या अंशाने असे. अॅशली १८२५ मध्ये सुमारे ९००० पौंड बीव्हर घेऊन परतला, आणि १८२६ मध्ये धंदा विकून मोकळा झाला. पुढे तो काँग्रेसमध्ये गेला. डोंगरात राहिलेल्यांपैकी श्रीमंत होऊन परतलेले फार थोडे. पैसा कातडं काढणाऱ्याने नाही, कॉफी विकणाऱ्याने केला. आंबा बागायतदार आणि दलाल यांचं नातं तुमच्या देवगडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१८३० च्या दशकात रेशमी हॅट आल्या, ओढ्यांतले बीव्हरही संपत आले, भाव कोसळला. १८४० नंतर हेच लोक वाटाडे झाले. ब्रिजरने १८४३ मध्ये ओरेगॉनच्या वाटेवर दुकान आणि लोहारकामाचं ठाणं टाकलं.

-----

कुडाळी पायवाट (कुडाळ)

जमाखर्च, बरोबर बोललात. बंदूक भिजली, बीव्हर सुटलो, वर दुकानदाराची उधारी, माणूस करतलो काय?

प्रश्न ४ वर. ह्यू ग्लास : ऑगस्ट १८२३, आजच्या साउथ डकोटातली ग्रँड नदी, पिल्लांसह असलेल्या ग्रिझली मादीने त्याला फाडलं, हे धरून चालायला हरकत नाही. त्याच्यापाशी दोघांना ठेवलं आणि ते त्याची बंदूक घेऊन निघून गेले. त्यांतला एक फिट्झगेराल्ड. दुसरा तरुण ब्रिजर होता असं म्हणतात, पण पक्का पुरावा नाही, तेव्हा ब्रिजरला खलनायक करू नका. ग्लास सुमारे २०० मैल, आधी रांगत आणि मग लंगडत, मिसूरीवरच्या फोर्ट कायोवाला पोचला. ही हकीकत पहिल्यांदा छापली गेली १८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मासिकात, दुसऱ्याच माणसाच्या लेखणीतून. ग्लासने स्वतः लिहिलेलं एक पत्र उरलं आहे, पण ते अरिकारांच्या हल्ल्यात मेलेल्या सोबत्याच्या घरच्यांना. अस्वलाबद्दल त्यात शब्द नाही. सिनेमात त्याला मूलनिवासी बायको आणि मुलगा दिलाय, त्याला आधार नाही. सूडही नाही. त्याने दोघांना गाठलं आणि दोघांना सोडलं. मुलांच्या कादंबरीला ते बरंच आहे.

डेव्ही क्रॉकेट तुमच्या काळात बसतो, पण नकाशात नाही, तो टेनेसीचा. वर्षाच्या आत १०५ अस्वलं मारल्याचा दावा त्याच्याच १८३४ च्या आत्मचरित्रातला आहे, तेव्हा लिहायचं तर "तो सांगे" असं लिहा. मात्र तिथला भूभाग खरा आहे. १८११-१२ च्या भूकंपांनी मिसिसिपीजवळची जंगलं आडवी केली होती आणि त्या पडलेल्या झाडांत, फटींत, अस्वलं हिवाळा काढत. तो कुत्र्यांची टोळी घेऊन जाई. कुत्र्यांशिवाय ती शिकार होत नाही, पण पुतळ्यांत कुत्रे नसतात. १८३० मध्ये मूलनिवासींना हुसकावणाऱ्या कायद्याविरुद्ध त्याने आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिलं, ते अस्वलांपेक्षा धाडसाचं होतं. मेला टेक्ससच्या लढ्यात, अॅलामोच्या किल्ल्यात, ६ मार्च १८३६.

बफेलो बिल या प्रसिद्ध बायसन-शिकाऱ्याला सोडा, त्याचा जन्मच १८४६ चा.

-----

मिठागर (शिरोडा)

एक राहिलं. डिसेंबर १७६९ मध्ये शॉनींनी बूनला "लुटलं" असं लिहू नका. केंटकी ही त्यांची शिकारीची भूमी. १७६८ च्या तहात ती इंग्रजांना लिहून दिली ती इरोक्वॉय या दुसऱ्या मूलनिवासी गटाने, शॉनींना न विचारता. शिवाय १७६३ च्या राजाज्ञेने अॅपलाचियन पर्वतापलीकडे वस्ती करायला बंदीच होती. शॉनींच्या नजरेने बून हा चोरून शिकार करणारा, आणि त्यांनी केलं तेही तसंच : माल जप्त, परत न येण्याची ताकीद, आणि परतीच्या वाटेपुरतं सामान देऊन सोडून दिलं. आपल्या सड्यावर दुसऱ्या गावाचे शिकारी येऊन शेकडो कातडी घेऊन चालले तर गाव काय करेल, असा प्रश्न नायकाला पडू द्या.

कार्सनला आणणार असाल तर १८६३-६४ हेही डोक्यात असू द्या. नवाहो या मूलनिवासी जमातीची शेतं आणि पीचच्या बागा जाळून त्यांना शेकडो मैल चालवत नेलं, त्या मोहिमेचा प्रमुख तोच होता.

-----

खाडीकाठ (देवगड)

कार्सन एका ओळीपुरताच येतो, तो तसाच ठेवतो. शॉनींचं प्रकरण मात्र पुन्हा लिहावं लागणार. जमाखर्चांचे भाव थेट मेळाव्याच्या प्रकरणात वापरतोय, मुलगा खातं वाचून दाखवतो असा प्रसंग करून.

चित्रकार टोपी काढायला तयार झाला आहे. त्याला बदल्यात काय काय काढायला सांगू?

-----

रंजकदाणी (राजापूर)

बूनच्या भागासाठी : रुंद काठाची, पावसाने कड लोंबलेली फेल्ट हॅट. तागाच्या जाड कापडाचा, समोरून उघडा, मांडीपर्यंतचा झालरीचा सदरा, कमरेला पट्टा. चामड्याचा अंगरखा भिजला की जड होतो, ताणतो आणि वाळता वाळत नाही, म्हणून भर पावसाच्या चित्रात कापडच दाखवा. पायात हरणाच्या कातड्याचे मोकासिन, आत हरणाचे केस किंवा वाळकी पानं कोंबलेली. तेही तासाभरात भिजतात, रात्री शेकोटीशी वाळवावे लागतात.

पट्टा डाव्या खांद्यावरून, पिशवी आणि दारूचं शिंग उजव्या कुशीला. शिंगाच्या टोकाला बूच, पट्ट्याला माप आणि कानाची तार. रायफल उभी धरली तर हनुवटीपर्यंत यायला हवी, त्याहून आखूड काढली तर ती केंटकीची नव्हे. गज नळीच्या खाली, लाकडाचा. घोड्यावर आणि झडपेवर चामड्याचं आवरण.

आणि छापताना चित्र उलटं करू देऊ नका. घोडा, झडप, वाटी हा संच बंदुकीच्या उजव्या बाजूला असतो. पानाच्या मांडणीसाठी चित्र आरशासारखं फिरवलं की तो डावीकडे जातो, आणि ठासणी पाहिलेलं पोर ते पहिल्या नजरेत पकडेल.